सडपातळ यंत्रे – लेखांक ३ : वगळलेले आणि जखडलेले

मागच्या लेखांकातला आसूसचा ई-पीसी लहान होता, कारण त्याला स्वस्त व्हायचे होते. आजचा नमुना उलट्या जातीचा. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी कचेरीत कागद फिरवायला वापरतात तसल्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो, मागच्या कडेला १९.४ मिलिमीटर जाड आणि पुढे निमुळता होत ४ मिलिमीटर. तरीही पडदा १३.३ इंची आणि कीबोर्ड पूर्ण मापाचा. बोटे आखडून टाइप करावे लागत नव्हते, ही त्याची खरी मिळकत. पाकिटाची गंमत छायाचित्रकारांसाठी. अ‍ॅपलचाच साधा १३ इंची मॅकबुक सव्वादोन किलोंचा होता आणि १,०९९ डॉलरपासून मिळत होता. एअर होता १,७९९ डॉलरचा. सोनाराकडची घट गिऱ्हाइकाच्या अंगावर पडते म्हणून आपण कुरकुरतो. इथे घट हाच माल होता, आणि नऊशे ग्रॅम घटीचे सातशे डॉलर मोजायचे होते.

त्या वेळी टीका झाली ती मुख्यतः नसलेल्या गोष्टींवर. डीव्हीडी ड्राइव्ह नाही, इथरनेटची खाच नाही, यूएसबी पोर्ट एकच. तक्रार खरी होती. पण तिचे आयुष्य थोडे होते. डीव्हीडी ड्राइव्ह ९९ डॉलरना बाहेरून जोडता येत होता, आणि जानेवारी २०११ मध्ये मॅक अ‍ॅप स्टोअर सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरसाठी तबकडी शोधण्याची वेळच कमी येऊ लागली. वायफायने इथरनेटचे तेच केले. जे वगळले ते बाहेरून जोडता येते, किंवा काळच त्याची गरज संपवतो. माझ्या मते अशा यंत्राचे दोष मोजताना ही यादी शेवटी वाचावी.

आधी वाचायची ती जखडलेल्या गोष्टींची यादी. एअरमध्ये २ जीबी रॅम होती आणि ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. पुढे कितीही पैसे ओतले तरी ती वाढणार नव्हती. हार्ड डिस्क ८० जीबीची, १.८ इंची, मिनिटाला ४,२०० फेरे घेणारी; आयपॉड क्लासिकमध्ये बसते त्या मापाची. तिच्याऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी तर आणखी ९९९ डॉलर. इंटेलने प्रोसेसरचे वेष्टण खास लहान करून दिले, पण वेष्टण आकसले म्हणून उष्णता आकसत नाही. पातळ पेटीत हवेला वाट कमी आणि पंखाही छोटाच. व्हिडिओसारखे काम बराच वेळ चालले की प्रोसेसरच्या दोनपैकी एक कोअर बंद पडतो, अशा तक्रारी लवकरच आल्या. सर्वात बोलका पुरावा ग्राफिक्सचा. जुना इंटेल ग्राफिक्स असलेला हा पहिला एअर २०११ च्या लायन या ऑपरेटिंग सिस्टिमपुढे जाऊ शकला नाही. २००८ च्याच ऑक्टोबरमध्ये, जवळपास त्याच अंगाचा आणि तेवढ्याच रॅमचा, पण एनव्हिडियाचा ग्राफिक्स असलेला एअर आला, आणि तो २०१५ च्या एल कॅपिटनपर्यंत चालला. बाहेरून दोघे जुळे भाऊ. आयुष्य ठरवले ते न दिसणाऱ्या चिपने.

यावर एक आक्षेप असा, की पातळपणा हवा तर जखडणे अटळच. ते पुरते खरे नाही. पहिल्या एअरची बॅटरी गिऱ्हाइकाने बदलायची नाही असे कंपनीचे धोरण होते, पण तळाचे झाकण साध्या फिलिप्स स्क्रूंनी बसवलेले होते आणि उघडले की बॅटरी निघत असे. २०१० चा नवा एअर आला तो पाच पाकळ्यांच्या खास स्क्रूंनिशी. पाकळ्या चार की पाच, यावर जाडी ठरत नाही. पहिल्या एअरच्याच सुमारास आलेला लेनोवोचा थिंकपॅड एक्स-३०० जवळपास तेवढ्याच वजनात सहज काढता येणारी बॅटरी देत होता. महाग होता, आणि डीव्हीडी ड्राइव्हवर त्याने जागा खर्च केली हा त्याचा चुकीचा हिशेब. बॅटरीचा हिशेब मात्र बरोबर होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: लॅपटॉप चार-पाच वर्षे वापरायचा, तो उघडतो कोण? रोज खांद्यावर यंत्र वाहणाऱ्याला नऊशे ग्रॅमचा दिलासा रोज मिळतो, रॅम वाढवण्याचा प्रसंग एखादाच. हे मान्य. पण आपल्याकडे लॅपटॉप पहिल्या मालकाबरोबर संपत नाही. ताईचा धाकट्याकडे जातो, तिथून लॅमिंग्टन रोडच्या जुन्या मालात. रॅम वाढवता आली तर तो तिथूनही परत कामाला लागतो.

२०१० मध्ये एअर ९९९ डॉलरपासून मिळू लागला, फिरती डिस्क जाऊन फ्लॅश साठवण आली, यूएसबी पोर्ट दोन झाले. रॅम सोल्डर केलेलीच राहिली. नोव्हेंबर २०२० च्या एम-१ एअरने पंखाच काढून टाकला आणि उष्णतेचा प्रश्न बराचसा सोडवला, पण रॅम प्रोसेसरच्याच वेष्टणात गेली. म्हणून असे यंत्र घेणार असाल तर पोर्ट कमी असले तरी चालतील, वजन आवडले तर जरूर घ्या. फक्त रॅम आज लागते त्याच्या दुप्पट, आणि पहिल्याच दिवशी घ्या. पुढच्या आठवड्यात २०१५ चा ९२० ग्रॅमचा मॅकबुक आणि त्याची रुसणारी बटणे.