उचललेली कुऱ्हाड

परीचे चित्र म्हटले, की पंख, चांदणे आणि हसरे चेहरे डोळ्यांसमोर येतात. इंग्रज चित्रकार रिचर्ड डॅड याचे एक चित्र मात्र निराळे आहे. ते लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात असून जेमतेम ५४ सेंटिमीटर उंच आहे.

चित्रात परीलोकातील लाकूडतोड्या आपल्याकडे पाठ करून उभा आहे. एकाच घावात त्याला एक कठीण फळ फोडायचे आहे. त्यातून पऱ्यांच्या राणीची गाडी बनणार! त्याने कुऱ्हाड उचलली आहे. पण ती खाली येत नाही. भोवती दाटीने जमलेले सारे जागच्या जागी थिजले आहेत. रंग मातकट आहेत. पाहता पाहता आपलाही श्वास अडकतो.

डॅड मनोरुग्ण होता. बेथलेम रुग्णालयात बंदिस्त असताना, १८५५ पासून सुमारे नऊ वर्षे त्याने हे चित्र रंगवले. चित्रात पुढे आडवे आलेले गवताचे देठ मला खिडकीच्या गजांसारखे वाटतात. हा अर्थ माझा. तुम्हांला कदाचित दुसरा सुचेल.

१८६४ मध्ये डॅडला दुसऱ्या रुग्णालयात हलवले. चित्राचा खालचा डावा भाग नीट पाहा. तेथे शेवटचा रंग चढलाच नाही.