तानसेनांच्या गावातला आठवडा

डिसेंबरचा मधला आठवडा आला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांत कॅलेंडरवर जागा उरत नाही. मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, म्हणजे सवाष्णींना बोलावणी आणि हळदीकुंकू. दत्तजयंतीही याच सुमारास येते. २०२४ साली ती १४ डिसेंबरला होती. खरमास लागण्याआधीची शेवटची लग्नं उरकायची असतात. मुलांच्या परीक्षा डोक्यावर असतात. आणि २५ डिसेंबरच्या सुमारास मेळा सुरू होणार, म्हणून त्याचेही बेत आधीपासून चाललेले असतात. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्याची सुरुवात गुरांच्या बाजारापासून झाली होती, हे आता झुल्यात बसणाऱ्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

या सगळ्या गर्दीत तानसेन समारोह असतो. शहरभर फलक लागतात, वर्तमानपत्रांत रोज पानभर फोटो येतात, देशभरातले कलाकार येतात. प्रवेशाला तिकीट नाही. तरीही कितीतरी घरांत दरवर्षी एकच वाक्य ऐकू येतं, "या वेळी नाही जमलं, पुढच्या वर्षी नक्की." हा लेख त्या 'पुढच्या वर्षी'साठी आहे. ग्वाल्हेरात राहणाऱ्या तरुण मंडळींसाठी आहे, तसाच इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद किंवा गोव्याहून एखाद्या डिसेंबरात इथे येऊ शकणाऱ्यांसाठीही आहे.

एकाच मांडवात हरिकथा आणि मिलाद

तानसेनांची समाधी हजीरा भागात आहे. खरं तर आधी नजरेत भरतो तो सूफी संत मोहम्मद गौस यांचा भव्य मकबरा. त्याच्या भिंतींतल्या दगडी जाळ्या अशा कोरल्या आहेत की ऊन आत येताना जमिनीवर नक्षी उमटते. त्याच आवारात, एका उघड्या चौथऱ्यावर, मोजक्या खांबांच्या छत्रीखाली तानसेनांची साधीशी समाधी आहे. शेजारी चिंचेचं झाड. त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी समजूत इतकी जुनी आणि पक्की की मूळ झाड आता राहिलेलंच नाही. पुढे तिथे लावलेल्या झाडाचाही पाला लोक खातातच.

समारोहाची पहिली सकाळ या समाधीपाशी सुरू होते. आधी शहनाई. मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात. आपल्या नारदीय कीर्तनाची ज्यांना ओळख आहे, त्यांना ती लगेच जवळची वाटते. कथा, गाणं, दृष्टान्त, पुन्हा गाणं. भाषा हिंदी, पण बांधणी आपल्या ओळखीची. हरिकथा झाली की त्याच ठिकाणी मौलाना मिलाद वाचतात. मग कव्वाली गात चादर येते आणि समाधीवर चढवली जाते.

या सकाळी मोठे कलाकार नसतात, म्हणून गर्दीही कमी असते. पण हा समारोह काय आहे हे समजून घ्यायचं तर हीच सकाळ बघायला हवी. १९२४ मध्ये शिंदे दरबाराने तानसेनांचा उरूस म्हणून याची सुरुवात केली. पुढे स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री असताना त्याला देशपातळीवरचं रूप आलं. आज मध्य प्रदेश शासनाचा संस्कृती विभाग तो भरवतो. मंडप बदलला, दिवे बदलले, कॅमेरे आले. २०२४ साली शंभरावा समारोहही झाला. पण पहिल्या सकाळचा हा क्रम कुणी मोडलेला नाही.

खयाल इथून कसा निघाला

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी गाण्याची किंवा तबल्याची 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' दिलेली असेल. बेळगावात दिली असो किंवा बडोद्यात, त्या परीक्षेच्या कागदाचा एक धागा ग्वाल्हेरपर्यंत येतो.

एकोणिसाव्या शतकात शिंद्यांच्या दरबारात हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ हे भाऊ गात असत. ग्वाल्हेर घराण्याची खयालगायकी त्यांच्या गळ्यातून घडली. हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही विद्या महाराष्ट्रात घेऊन आले. मिरजेत त्यांच्याकडे कुरुंदवाडचा एक मुलगा शिकला, तो म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आपल्या परीक्षा तिथून आल्या. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही सगळी पलुसकरांची शिष्यमंडळी.

सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे तर थेट ग्वाल्हेरला आले आणि परक्या गावात हलाखीत राहून निसार हुसेन खाँ यांच्याकडे शिकले. त्याच खाँसाहेबांची तालीम ग्वाल्हेरच्या शंकरराव पंडितांनाही मिळाली. त्यांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित ९० वर्षं ओलांडून जगले आणि १९८९ मध्ये गेले, तोपर्यंत ग्वाल्हेर गायकी म्हणजे काय हे ऐकायला लोक त्यांच्याकडे येत राहिले.

म्हणजे बघा, मुसलमान उस्तादांनी घडवलेली विद्या, मराठी राजाच्या आश्रयाने वाढलेली, आणि मराठी शिष्यांनी देशभर पोचवलेली. पहिल्या सकाळी हरिकथा आणि मिलाद एका जाजमावर का होतात, याचं उत्तर या गुरुशिष्यांच्या नावांतच आहे.

पहिली पंधरा मिनिटं

आता मुद्द्याचं. समारोहातली प्रत्येक सभा एखाद्या नामवंताच्या गाण्याने सुरू होत नाही. आधी ग्वाल्हेरच्याच एखाद्या संगीत संस्थेचे विद्यार्थी ध्रुपद गातात. माधव संगीत महाविद्यालय असेल, शंकर गांधर्व महाविद्यालय असेल, राजा मानसिंह तोमर संगीत व कला विश्वविद्यालय असेल.

ही नावं साधी नाहीत. शंकर गांधर्व महाविद्यालय कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये काढलं. माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये भातखंड्यांच्या देखरेखीखाली सुरू झालं. राजाभैया पूछवाले तिथलेच. ज्या राजाच्या नावाने विश्वविद्यालय आहे, त्या मानसिंह तोमरांच्या दरबारात पंधराव्या-सोळाव्या शतकात ध्रुपदाला प्रतिष्ठा मिळाली.

पण ही मुलं गात असतात तेव्हा मंडपात काय दिसतं? पुढच्या खुर्च्या रिकाम्या. लोक येताहेत, ओळखीच्यांना हात करताहेत, स्वेटरच्या बाह्या सावरत जागा शोधताहेत. पखवाजावर चौताल चालू असतो, १२ मात्रांचा. मुलं एका सुरात उभी असतात आणि ऐकायला बहुधा त्यांचे आईवडील, गुरुजी आणि ध्वनिव्यवस्थेवाले. मुख्य कलाकार आले की मंडप भरतो.

मोठ्या कलाकाराला ऐकायला गर्दी व्हावी, हे योग्यच आहे. पण तो कलाकार दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातो. इथे राहतात ती ही मुलं. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचं सर्जनशील शहर' म्हणून मान दिला. त्याच वर्षी डिसेंबरात किल्ल्यावर १२०० हून अधिक तबलावादकांनी एकत्र वादन करून गिनीज विक्रम केला. अशा गोष्टींचा अभिमान वाटतो. मात्र वर्षाचे उरलेले ५१ आठवडे संगीत टिकवायचं काम शिकवणीच्या खोलीत होतं, आणि तिथे जाणारी मुलं दहावीचं वर्ष आलं की तंबोरा गवसणीत घालून ठेवतात. आपल्या घरांतही हेच होतं. 'मध्यमा'पर्यंत गेलेली कितीतरी मुलं पुढे फक्त गणपतीत आरतीपुरती गातात.

रिकाम्या खुर्च्यांसमोर गायलेल्या मुलाला पुढच्या वर्षी गावंसं का वाटावं? हा प्रश्न सरकारला विचारून उपयोग नाही. खुर्च्या आपण भरायच्या असतात.

कोणती सभा निवडाल?

चार-पाच दिवसांच्या सगळ्या सभांना जाणं नोकरदारांना शक्य नसतं. एकच निवडायची असेल तर सकाळची निवडा. कारण साधं आहे. बहुतेक शहरांत मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे यमन, पूरिया, बागेश्री पुन्हा पुन्हा कानावर पडतात. तोडी, भैरव, अहीरभैरव, देसकार हे सकाळचे राग समोर बसून ऐकायची संधी फार कमी मिळते. मियाँ की तोडी हा तर तानसेनांच्या नावाचा राग. धुकं अजून पुरतं निवळलेलं नाही, ऊन नुकतंच मकबऱ्याच्या घुमटावर आलंय, आणि कोणी तोडी आळवतंय, हा अनुभव मोबाइलवर मिळत नाही.

दुसरा पर्याय बेहटचा. ग्वाल्हेरपासून साधारण ४५ किलोमीटरवरचं हे गाव तानसेनांचं जन्मगाव मानलं जातं. झिलमिल नदीच्या काठी एक सभा तिथे होते. तिथलं शंकराचं देऊळ एका बाजूला झुकलेलं आहे. तानसेनांच्या तानेने ते झुकलं, असं गावकरी सांगतात. मुलांना घेऊन जायला ही सभा सर्वांत चांगली. मोकळं रान असतं, गावातली माणसं जमिनीवर बसलेली असतात आणि लहान मुलं मध्येच उठली तरी कुणी डोळे वटारत नाही.

तिसरा पर्याय किल्ल्याच्या पायथ्याचा गूजरी महाल. गेल्या काही वर्षांत समारोपाची सभा इथे होते. मानसिंह तोमरांनी राणी मृगनयनीसाठी हा महाल बांधला. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

गाणं कळत नाही, मग?

ही शंका तरुण वाचकांची असते, म्हणून दोन-तीन खुणा सांगतो. ध्रुपदात सुरुवातीला शब्द नसतात. 'नोम्, तोम्' अशा अक्षरांवर राग सावकाश उलगडतो. तेव्हा घाई करू नका. पखवाज सुरू झाला की चौतालाच्या मात्रा बोटांवर मोजून बघा. दोन-तीन आवर्तनांत सम कुठे येते ते आपोआप कळतं.

ग्वाल्हेरचा खयाल ऐकायला मिळाला तर एक गोष्ट टिपा. या घराण्यात बंदिशीचे स्थायी आणि अंतरा दोन्ही सुरुवातीलाच नीट म्हणून दाखवतात, आणि लयही फार संथ ठेवत नाहीत. गवई जणू आधी घराचा नकाशा दाखवतो, मग एकेक खोली उघडतो. त्यामुळे नवख्या श्रोत्याला ही गायकी लवकर पकडता येते. पुढे टप्पा किंवा तराणा आला तर ती मेजवानीच समजा.

थंडीचं मात्र मनावर घ्या. डिसेंबरात इथली रात्र अंगात शिरते. कानटोपी, शाल, पायमोजे आणि थर्मासमधला चहा घेऊन बसणाऱ्यांना कुणी हसत नाही. सकाळची सभा असेल तर वाटेत बेडई-जलेबी, आणि परतताना गजक. बाहेरगावच्या पाहुण्यांकडे या दिवसांत गजकाशिवाय जायचं नसतं.

मंडळांना एक सुचवणी

आपल्या प्रत्येक गावात मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, दिवाळी पहाट आहे. या कार्यक्रमांना बाहेरून ऑर्केस्ट्रा किंवा नावाजलेले गायक बोलावले जातात. ते बोलवाच. पण त्याआधीची २० मिनिटं गावातल्या संगीत विद्यालयाच्या मुलांना द्या. निवेदनात त्यांची नावं घ्या, त्यांच्या गुरुजींना पुढच्या रांगेत बसवा, आणि कार्यकारिणीतल्या मंडळींनी त्या २० मिनिटांत नाश्त्याच्या टेबलापाशी न थांबता समोर येऊन बसा. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आणि डिसेंबरात ग्वाल्हेरला आलात, तर कार्यक्रमपत्रिकेवरच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी या. पुढच्या रांगेत जागा नक्की मिळेल. विद्यार्थ्यांचं ध्रुपद संपल्यावर मंचामागे जाऊन एखाद्या मुलीला विचारा, "कोणत्या वर्षाला आहेस? कुणाकडे शिकतेस?" ती गुरूंचं नाव सांगेल. मग त्या गुरूंचे गुरू कोण, तेही विचारा. दोन-तीन नावं मागे गेलात की कदाचित तुमच्या आजीच्या गाण्याच्या मास्तरांचं घराणं तिथे भेटेल.