तान्ह्या बाळाचे जुलाब आणि अंगातले मीठ

आमच्या शेजारी एकदा वीस दिवसांचे बाळ आजारी पडले. उलट्या झाल्या, पाण्यासारखे जुलाब झाले. आजी म्हणाली, "दूध बाधतंय. दूध बंद करा, नुसतं पाणी पाजा." ती मायेनेच बोलली. पण संध्याकाळी बाळाला झटके आले. दवाखान्यात धावलो, म्हणून ते वाचले. डॉक्टर म्हणाले, "पाणी दिलंत. पण मीठ गेलं ते कोण भरणार?"

हे कुठले मीठ? घाम खारट लागतो, आसवे खारट लागतात. तसेच मीठ रक्तातही असते. त्याला क्षार म्हणतात. सोडियम आणि पोटॅशियम हे त्यांतले मुख्य. मेंदू, हृदय, स्नायू यांचे काम त्यांच्यावर चालते.

नव्या बाळाच्या अंगात चार भागांपैकी सुमारे तीन भाग पाणी असते. रोटासारखे विषाणू आतड्याचे अस्तर खराब करतात. मग पाणी व क्षार अंगात मुरत नाहीत, जुलाबावाटे वाहून जातात. अशा वेळी नुसते पाणी पाजले तर रक्तातले मीठ पातळ होते. मेंदूला सूज येते, झटके येतात. पोटॅशियम घटले तर बाळ लुळे पडते, पोट फुगते. उलट, घरी अंदाजाने मीठ जास्त घातले तर तेही मेंदूला घातक. म्हणून तान्ह्याला घरगुती मापाचे मीठपाणी देऊ नये.

मग करावे काय? आईचे दूध मुळीच तोडू नका. त्यात पाणी आहे, क्षार आहेत, रोगाशी झुंजण्याचे बळही आहे. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. टाळू किंवा डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ दूध ओढेना, सुस्त पडले, तर घटकाभरही थांबू नका. जलसंजीवनी डॉक्टर सांगतील तेवढीच द्या. एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सबंध घाला. अर्धी पुडी, अर्धे पाणी असा हिशेब नको.

एक ध्यानात ठेवा. अंगावर पिणारे बाळ दिवसातून पुष्कळदा पिवळी, मऊ शी करते. तो रोग नव्हे. शी एकाएकी पाण्यासारखी झाली, तर मात्र तो रोग समजा.

रोटाची लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात. तोवर बाळाची राखण कोण करणार? आईचे दूध आणि आपले साबणाने धुतलेले हात.