कंबरदुखीचं मूळ रक्तात तर नाही?



भाताची पानं पिवळी पडली की आपण युरियाची गोणी उघडतो. जाणता शेतकरी मात्र आधी एक रोप उपटून मुळं बघतो. शरीराच्या बाबतीतही तसंच करायला हवं.

लावणीनंतर शहाडजवळच्या एका गावी गेलो होतो. एक दादा बांधावर बसूनच बोलत होते. "साहेब, तीन महिने झाले, कंबर काही राहत नाही. लावणीचंच दुखणं, दुसरं काय!" दुकानातली दुखण्यावरची गोळी रोज चालू, चेहरा पांढराफटक. रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ७ निघालं, मूत्रपिंडंही अधू झालेली. शेवटी निदान झालं मल्टिपल मायलोमा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचाच एक प्रकार.

या रोगात गाठ दिसेलच असं नाही. रक्त तयार होतं हाडाच्या आतल्या मगजात. तो रक्ताचा राब समजा. राबात तण माजलं की चांगली रोपं मरतात, तशा निरोगी पेशी कमी होतात. मायलोमात हाडंही पोखरली जातात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

रक्ताचे इतर कर्करोगही असेच वेश बदलून येतात. हिरड्या सुजून रक्त येतं, माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो. डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढते, दोन घासांत पोट भरतं, आपण अपचन समजतो. मूल लंगडतं, रात्री पाय दुखतो म्हणून रडतं, आपण म्हणतो खेळताना पडलं असेल.

घाबरू नका, बहुतेक कंबरदुखी साधीच असते. पण दुखणं महिनाभर हटत नसेल आणि सोबत थकवा, वजनात घट, वारंवार ताप किंवा अंगावर निळे डाग असतील, तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. सीबीसी आणि काचपट्टीवरची रक्ततपासणी करून घ्या. कंबरदुखीत एक्स-रे, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि रक्तातील प्रथिनांची तपासणी लागेल का, तेही डॉक्टरांना विचारा. पक्क्या निदानासाठी बहुधा मगज तपासावा लागतो.

उपचार आहेत. मायलोमा बहुधा समूळ जात नाही, पण औषधांनी वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो. पाणथरी वाढवणाऱ्या सीएमएल या प्रकारावर इमॅटिनिबची रोजची गोळी आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे देशी कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. मुलांमधला रक्ताचा कर्करोग तर पुष्कळदा पूर्ण बरा होतो. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करत आहे. टाटा आणि पवईच्या आयआयटीने मिळून घडवलेली कार-टी ही देशी पेशी-उपचारपद्धती ४ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाली. नेहमीच्या औषधांनंतरही उलटलेल्या काही रक्तकर्करोगांसाठी ती आहे.

तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रुग्णाचं रेशनकार्ड आणि दाखले यांची कामं आधी हातावेगळी करा. एक हेलपाटा वाचला तर उपचाराचा एक दिवस वाचतो.

आणि दादा, ताई, पुढच्या वेळी गोळी घेण्याआधी मूळ बघा. रक्त तपासून घ्या.