लोईस लेन

लोईस लेन हे डीसी कॉमिक्सच्या सुपरमॅन चित्रकथांमधील एक काल्पनिक पात्र आहे. ही वार्ताहर सुपरमॅनची प्रेयसी व पुढे पत्नी होते. जेरी सीगेल आणि जो शूस्टर यांनी निर्मिलेले हे पात्र सुपरमॅनसमवेतच जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरले. त्या कथेत बळजबरीने नृत्य करू पाहणाऱ्या गुंडाच्या ती श्रीमुखात भडकावते.

हा करारीपणा पुढे ओसरला. १९५८ ते १९७४ या काळात तिच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले खरे; पण त्याच्या शीर्षकातही तिची ओळख ‘सुपरमॅनची मैत्रीण’ अशीच होती. त्याच्याशी विवाह जुळवणे आणि त्याचे गुपित फोडणे, यांतच तिची बुद्धी खर्ची पडे. सहकारी क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे, हे केवळ एका चष्म्यामुळे निष्णात वार्ताहराला उमगू नये, हे या कथांचे सर्वांत दुबळे अंग होय.

वाङ्‌निश्चयानंतर, १९९१ मध्ये, क्लार्कने स्वतःच तिला सत्य सांगितले. तेव्हापासून ती फसवली जाणारी न राहता गुपिताची भागीदार झाली. १९९६ मध्ये त्यांचा विवाह झाला. २०११ च्या पुनर्मांडणीत तो कथानकातून वगळण्यात आला. नंतरच्या कथांत मात्र दोघे पुन्हा पती-पत्नी असून त्यांना जॉन नावाचा मुलगा आहे.