गड्ड्यावरील एक सायंकाळ

मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेनिमित्त सोलापूरच्या होम मैदानावर जी जत्रा भरते आणि जिला सारे शहर आपुलकीने गड्डा म्हणते, तीत एका स्नेह्यासमवेत सायंकाळ घालविण्याचा योग नुकताच आला. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, सात नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि होम हे यात्रेचे धार्मिक अंग होय. आकाशपाळणे, खेळण्यांची दुकाने आणि ‘मौत का कुआँ’ हे तिचे लौकिक अंग होय.

त्या लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर फटफटी पडत कशी नाही, असे स्नेह्याने विचारले. स्वार वेगाने वर्तुळात फिरू लागला म्हणजे भिंत त्याला आत, केंद्राकडे रेटते. हा दाब जितका अधिक, तितके चाकांचे घर्षण अधिक, आणि तेच घर्षण त्याचा भार तोलून धरते. वेग मंदावला की हा सारा बंदोबस्त ढासळतो. जत्रेचे दुसरे आकर्षण असलेल्या आकाशपाळण्याचा प्रसिद्ध पूर्वज, जॉर्ज फेरिस यांचे सुमारे ८० मीटर उंचीचे चक्र, १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात उभे राहिले होते.

आधुनिक करमणूक उद्यानांत प्रवेशाचे मूल्य मोजावे लागते. येथे मात्र मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच मैदानावर मोकळेपणाने वावरतात, म्हणूनच या जत्रेचे जतन करणे हे नगराचे कर्तव्य आहे, असे मला मनःपूर्वक वाटते.