लॅमिनेटच्या आतलं काम आणि ग्राहक आयोगाचा निवाडा

नव्या स्वयंपाकघराची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. सिंकखालच्या कपाटाची तळफळी कडेने फुगते, लॅमिनेटचा काठ नखाने उचलता येईल इतका सुटतो, उंच कपाटाचं दार लावताना घासतं, ट्रॉली अर्ध्यावर येऊन अडते. तोवर शेवटचा हप्ता देऊन झालेला असतो. मिस्त्री दुसऱ्या साइटवर असतो. डिझायनर म्हणतो, प्लाय दुकानदाराने दिला. दुकानदार म्हणतो, पाणी तुमच्या भिंतीतून आलं. घरासाठी काढलेल्या कर्जातून पाच-सहा लाख या कामात गेलेले असतात आणि जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येत नाही. अशा माणसाला वकिलाशिवाय आणि नाममात्र शुल्कात दाद मागता यावी म्हणून उभी केलेली संस्था म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग.

या आयोगाची ताकद आणि मर्यादा दोन्ही समजून घ्यायच्या असतील तर फर्निचरच्या तक्रारीसारखं दुसरं उदाहरण नाही. बंद पडलेला मिक्सर आयोगापुढे आणून ठेवता येतो. भिंतीला ठोकलेलं कपाट आणता येत नाही. ते एकाच घराच्या मापाने एकदाच बनलेलं असतं, त्यामुळे तुलनेला दुसरा नगही नसतो. आयोगापुढे येतो तो कागद, आणि वादाचं पारडं बहुतेक वेळा काम सुरू होण्याआधी काय लिहिलं गेलं यावरच झुकतं.

हमी कोणाची?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात सुतार बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत येतो. औत, मोट, गाडी त्याच्या हातची. मोबदला सुगीला धान्यात. नांगर हंगामात मोडला तर तोच सुतार, त्याच गावात, सगळ्यांदेखत तो दुरुस्त करी. कामाची हमी त्या नात्यातच होती. त्या व्यवस्थेला जातीची बेडी होती, तिच्यात अन्याय होता, आणि ती गेली हे योग्यच झालं. पण तिच्याबरोबर कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यातली रोजची ओळखही गेली. आज ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये काम करणारा मिस्त्री राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, काम संपलं की पुढच्या शहरात जातो. मॉड्युलर किचन तर अनेकदा दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यातून खोक्यांत येतं. ते बनवणाऱ्याचा चेहराही घरमालकाला दिसत नाही.

ही पोकळी भरून काढण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकाने एकेकट्याने घासाघीस करण्यापेक्षा संघटित व्हावं, हा विचार इथल्या मध्यमवर्गात त्या काळात रुजला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो दिवस आजही राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. घरबांधणी ही ‘सेवा’ ठरते आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल ग्राहक न्यायमंचाकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं. पैसे घेऊन घरात करून दिलेलं फर्निचरही सेवाच आहे. आता २०१९ चा कायदा लागू आहे. त्यातल्या बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या.

आत काय असतं

कपाटाचा वाद समजायला आधी कपाट समजायला हवं. बाहेरून दिसतं ते एक मिलिमीटरचं लॅमिनेट. कामाचा कस आतल्या अठरा-एकोणीस मिलिमीटरच्या फळीत असतो. भारतीय मानकांप्रमाणे सर्वसाधारण प्लायवूड आयएस ३०३ मध्ये येतं, तर मरीन प्लाय आयएस ७१० मध्ये. आयएस ७१० च्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. त्यासाठी थर फिनॉलच्या डिंकाने चिकटवलेले असतात. साध्या ‘एमआर’ प्लायमध्ये युरियाचा डिंक असतो. तो दमट हवा सोसतो, पण सिंकखालचं साचलेलं पाणी सोसत नाही. लॅमिनेट चढल्यावर दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात, आणि फसवणुकीची सगळ्यात मोठी जागा हीच आहे.

दुसरी जागा कडांची. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ वाईटच असतं असं नाही. कोरड्या भिंतीवरच्या वॉर्डरोबला ते चालतं. पण त्याची कापलेली कड उघडी राहिली तर ती पाणी शोषते आणि फुगते. फुगलेली कड परत बसत नाही. सिंकसाठी आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा अनेक घरांत तशाच उघड्या सोडलेल्या असतात. कडेत मारलेला स्क्रूही तिथे लवकर ढिला होतो.

तिसरी जागा मापाची. बॉक्स काटकोनात आहे की नाही हे पाहायला दोन्ही कर्ण मोजावे लागतात. ते सारखे आले तर बॉक्स सरळ. आजच्या हिंजला तीन दिशांनी फिरवता येणारे स्क्रू असतात. त्यामुळे बॉक्स तिरका असला तरी ताबा देण्याच्या दिवशी दारांमधल्या फटी सारख्या करून दाखवता येतात. चार महिन्यांनी भांड्यांचं वजन पडलं, दारं हजारदा उघडली-मिटली की हिंजने झाकलेला तिरकेपणा पुन्हा वर येतो. म्हणून घर ताब्यात घेताना दारांच्या फटी पाहण्यापेक्षा फीत काढून कर्ण मोजणं कितीतरी उपयोगाचं.

आयोगाचं दार

जिल्हा आयोगात एक अध्यक्ष आणि किमान दोन सदस्य असतात. डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे, ग्राहकाने मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथेच दाखल होते. घरातलं फर्निचर जवळजवळ नेहमीच या मर्यादेत बसतं. पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी दोनशे रुपये. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कंपनीशी तडजोडीचा प्रयत्न करता येतो.

२०१९ च्या कायद्यातली सगळ्यात मोलाची तरतूद म्हणजे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची, तक्रारदार नाशिकचा, तरी सुनावणी नाशिकला. करारात लवादाचं कलम छापलं असेल तरी आयोगाचा मार्ग बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ते पक्कं केलं आहे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला लेखी उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही, हे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं.

दोष सिद्ध झाला तर आयोग दुरुस्ती करून द्यायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि फर्निचरच्या तक्रारी इथेच अडखळतात. ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ या आश्वासनावर लोक महिनेच्या महिने काढतात. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं.

कशाने पटतं

आयोगाची पद्धत संक्षिप्त आहे. साक्षीदारांच्या लांबलचक उलटतपासण्यांऐवजी प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवर निर्णय होतो. म्हणून ‘काम निकृष्ट झालं’ हे वाक्य तक्रारीत कितीही वेळा लिहिलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही. काय ठरलं होतं आणि काय मिळालं, या दोन्हींमधलं अंतर दाखवावं लागतं. कोटेशनमध्ये फक्त ‘चांगल्या प्रतीचा प्लाय’ असेल तर आयोग मोजणार कशाने? ‘आयएस ७१०, १८ मिलिमीटर’ असं लिहिलेलं असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. तशी तरतूद कायद्यातच आहे: आयोग नमुना घेतो, सील करतो, प्रयोगशाळेकडे देतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. खर्च तक्रारदाराला भरावा लागू शकतो.

मापाच्या आणि जोडणीच्या दोषांसाठी तज्ज्ञाचा पाहणी अहवाल हवा. आर्किटेक्टने किंवा अनुभवी इंजिनिअरने कर्णांची मापं, फटी, फुगलेल्या कडा तारखेसह नोंदवून दिल्या तर तो कागद बोलतो. भिंतीत ओल नाही हेही त्याच अहवालात आलं पाहिजे, कारण समोरच्याचा पहिला बचाव तोच असतो. व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि फोटो उपयोगी पडतात. मात्र त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेलं असावं. आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून दुरुस्ती करून घेण्याची घाई करू नये. पाहणी होण्याआधी कपाट उखडलं तर पुरावाच गेला.

मिस्त्रीची बाजू

या वादात कारागीर नेहमीच दोषी नसतो, आणि हे ठासून सांगितलं पाहिजे. अनेक घरांत काम ‘लेबर रेट’वर ठरतं, माल मालक आणतो. मालकाने स्वस्त फळी आणली आणि ती फुगली तर सुताराच्या हाताला दोष देता येत नाही. काम अर्ध्यावर असताना फ्रिजची जागा बदलते, चिमणी मोठी येते, ओट्याची उंची वाढते. प्रत्येक बदलाने मापं बिघडतात आणि जास्तीच्या कामाचा हिशेब तोंडी राहतो. शेवटचे दहा टक्के अडवून ठेवणारे घरमालकही थोडे नाहीत. मिस्त्री हा ग्राहक नव्हे, त्यामुळे आपल्या पैशांसाठी त्याला या आयोगात येता येत नाही. त्याच्यासमोर दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे. इंटिरिअर डिझायनरसाठी तसा कायदा नाही, त्यामुळे डिझायनर, ठेकेदार आणि कारागीर यांच्यात जबाबदारीची रेषा कुणी आखून दिलेली नसते. ती करारातच आखावी लागते, आणि त्या कराराचा कारागिरालाही तितकाच आधार असतो.

संस्थेचं दुखणं

कायदा म्हणतो, प्रयोगशाळेची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. मोठं कारण रिक्त पदं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला. नेमणुकीच्या २०२० च्या नियमांतल्या काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केल्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि निवडीसाठी लेखी परीक्षा घ्यायला सांगितली. नियमांचा हा झगडा आवश्यक होता. पण फुगलेल्या कपाटासमोर उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाला तारखांवर तारखा मिळत राहिल्या, तर उत्तम कायदाही त्यांच्या उपयोगाचा राहत नाही. आयोगाच्या खुर्च्या वेळेत भरणं ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती मागणी वीज-पाण्याच्या मागणीइतक्याच जोराने व्हायला हवी.

आपल्या हातात आहे ते आगाऊ रक्कम देण्यापूर्वीचं काम. प्लायचा आयएस क्रमांक आणि जाडी, प्रत्येक फळीवरचा आयएसआय शिक्का व परवाना क्रमांक, लॅमिनेट, हिंज आणि चॅनल यांचा प्रकार, कडा कुठे कशाने बंद करायच्या, माल कोण आणणार, बदलाचे पैसे कसे ठरणार, हप्ते कोणत्या टप्प्यावर आणि हमी किती वर्षांची: हे सगळं दोन पानांत मावतं. त्यावर दोघांच्या सह्या हव्यात, पैसे बँकेतून जायला हवेत आणि बिल घ्यायलाच हवं. बॉक्स तयार झाले, पण लॅमिनेट चढायचं आहे, त्या दिवशी साइटवर जाऊन शिक्के आणि कर्ण तपासून फोटो काढावेत. त्यानंतर आतलं काम कुणालाच दिसत नाही. प्रामाणिक मिस्त्री या कागदाला हरकत घेत नाही, कारण त्यात त्याची मजुरीही सुरक्षित असते. जो सही करायला नकार देतो त्याला आगाऊ रक्कम देऊ नये. आणि सही करूनही ज्याने शब्द मोडला त्याच्याविरुद्ध, दोन वर्षांच्या आत, आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार जरूर करावी.